हनी की पीच

प्रिय मनीष,

पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून 'प्रिय'. हुरळून जाऊ नकोस.

बेटेगावच्या फ्लॅटमधल्या, लग्नानंतरच्या आपल्या खोलीच्या भिंतींसाठी तू दोन रंगांची कार्डं आणली होतीस, हनी आणि पीच. दोघांत एकोणीस-वीसचा फरक. 'तुझं तर कामच हे, तूच सांग,' असं किती लाडाने म्हणालास. मीही वेडी. बोईसरच्या कापड कारखान्यात सहा वर्षं शेड जुळवते, म्हणून ती कार्डं लॅबच्या लाइट बॉक्समध्ये धरली. दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली, पिवळ्या बल्बखाली. हनी ट्यूबखाली कावीळ झाल्यासारखा दिसतो, पीच लाव, असं तुला सांगितलं. तू मान डोलावलीस. मान डोलावण्यात तुझा हात कोण धरणार?

रविवारी बघायला आले तर भिंतीवर हनी. विचारलं, तर म्हणालास, पीचच आहे, उजेडाचा फरक. उजेडाचा फरक, आणि तो मला शिकवतोस. वर पुरावा म्हणून बाल्कनीतला रिकामा डबा दाखवलास. त्यावरच्या पीचच्या लेबलचा कोपरा सुटला होता, तो मी नखाने सोलला. खाली हनी. तू, कडक इस्त्रीच्या शर्टातला सुपरवायझर, डब्याला गोंद लावत बसलायस, असं डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू फुटलं. धड खोटंही जमू नये माणसाला?

तेव्हा कुठे तुझ्या तोंडातून निघालं की तुझ्या आईंना हनी हवा होता. मग तसं सांगायचंस. मी लगेच हो म्हटलं असतं. मला काही भिंतीशी संसार करायचा नव्हता.

काल आईंचा फोन आला. गहिवरल्या होत्या. 'मनीष म्हणाला, हनी तूच निवडलास. माझ्या मनातलं बरोबर ओळखलंस गं.' आणि मी म्हणाले, हो आई, मलाही तोच आवडला. तुझी थाप मी इतक्या सहज पुढे रेटली की फोन ठेवल्यावर माझीच मला भीती वाटली. तुझ्या घरात वर्षभर राहिले तर मी तुझ्यासारखी होईन. म्हणून हे लग्न मी करत नाही. बाबांना सांगितलंय. हे पत्र तुला मिळेल तोवर आईंनाही मीच खरं काय ते सांगितलेलं असेल. तुझ्याच्याने ते होणार नव्हतं.

माझीच,
ज्ञानेश्वरी