ताप तीनदा मोजला

सूनबाई,

रात्रपाळीहून येऊन नुकतीच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. चिमणीला शाळेत नेतोय. नाक वाहतंय, घसा जरा खवखवतोय, पण ताप नाही. तीनदा मोजला, चौथ्यांदा "आजोबा, आता पुरे!" म्हणाली. घरी राहायचं तर टीव्ही बंद आणि दिवसभर अंथरुणात, असं सांगताच घसा निम्मा बरा झाला.

गेल्या वेळी मी "काही होत नाही" म्हणालो आणि दुपारी तुला काम टाकून धावावं लागलं, ते विसरलेलो नाही. या वेळी मात्र माझी पक्की खात्री आहे. तू निर्धास्त झोप.

शाळा सुटेपर्यंत मी फाटकासमोरच्या बाकावर आहे. थर्मामीटर शोधू नकोस, माझ्या खिशात आहे.

— सासरा