ह्यांच्या वाटणीचा बन

शनिवार, संध्याकाळ. युट्रेख्ट.

आज पुन्हा खोटं बोलले. चिनी बेकरीत चिमट्याने एकच बन ट्रेमध्ये घेतला, तर गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "मिस्टर अजून इंडियातच?"

"हो," म्हणाले. हे जाऊन आठ महिने झाले.

बाईंनी लाल बीन्सच्या गोड पुरणाचा बन पिशवीत टाकला. "आले की द्या. माझ्याकडून."

ह्यांचा तोच ठरलेला. म्हणायचे, "ही आपली पुरणपोळीच, नुसती फुगलेली."

बन ताटलीत आहे. खाववत नाही, टाकवत नाही. का सांगत नाही मी? किती दिवस असं? पण ह्या गावात ह्यांची वाट पाहणाऱ्या त्या एकट्याच उरल्यात. त्यांना सांगितलं, तर हे तिथूनही जातील.