ओरिनने भरलेली काडतुसं

४ ऑगस्ट, सोमवार

दर ऑगस्टला आम्ही तळ्यापर्यंत पायी जातो, पण ओरिन यंदा येत नाही. गुडघा म्हणे! काल संध्याकाळपर्यंत शिडीवर चढून शेडचे पत्रे ठोकत होता, तेव्हा गुडघा कुठे गेला होता? मी विचारलं तर म्हणाला, मार्लिसला घेऊन जा, ती केव्हाची टपून बसलीय.

मार्लिस शेजारीण आहे, चालायला दणकट. पण बंदुकीला हात लावत नाही. आजवर आम्ही नवरा-बायको दोन रिव्हॉल्व्हर लावून जायचो — मी पुढे, तो मागे. आता वाटेवर हत्यार एकच, माझं. आणि वर्ष हे असं! सॅमन मासे ओढ्यात लवकर चढलेत, दोन्ही काठांवर अस्वलं. गेल्याच आठवड्यात तळ्याच्या वाटेवर, वळणावरच्या उतारात एका मासेमाराला अस्वलिणीने लोळवलं. जगलाय. एक कान गेला. अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा त्याच्याकडे होता — पाठीवरच्या पिशवीत, डब्याखाली!

फवारा मी छातीवरच लावते. पण वारा तोंडावर असला की तो आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून हत्यारही हवंच. माझं चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर हातोड्याएवढं जड आहे. बर्फावर पडून मनगट मोडलं तेव्हापासून ते पट्ट्यातून काढायला मला वेळ लागतो. अस्वल तो वेळ देणार नाही. नवं घ्यायचं ठरवलं — दहा मिलिमीटरचं पिस्तूल. हलकं, गोळ्या जास्त.

५ ऑगस्ट, मंगळवार

ओरिन नाही म्हणाला. नुसतं नाही!

हा माणूस बंदुकांच्या जाहिराती जेवताना वाचतो. नवं हत्यार म्हटलं की माझ्याआधी गाडीत जाऊन बसायला हवा होता. तर म्हणे, पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की गोळी सुटते म्हणजे सुटतेच. हे खरं आहे, मी मान्य केलं. पण अडकलेलं पिस्तूल सोडवायला शिकता येतं, तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "या वयात नवं कशाला शिकत बसतेस, हेस्टर?"

ओरिन असं कधी बोलत नाही. मी ताट उचलून ओट्यावर जाऊन जेवले. थोड्या वेळाने तिथे आला आणि म्हणाला, तुला नवी काडतुसं भरून देतो, ताजी.

इथले पुरुष हिवाळ्यात काडतुसं भरतात, जशा बायका उन्हाळ्यात मुरांबे भरतात. रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या, त्यांत मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची. लग्न झाल्यापासून दुकानातलं एकही काडतूस मी उडवलेलं नाही. नवऱ्याने भरलेलं असताना दुकानातून आणणं म्हणजे शेजाऱ्यांकडे जेवायला जाण्यासारखं.

७ ऑगस्ट, गुरुवार

त्याला न सांगता ट्रूडीच्या दुकानात गेले. मी शाळेत शिकवायचे तेव्हा ही माझ्या वर्गात होती. खडकांचे नमुने खिडकीबाहेर फेकायची. आता बंदुका विकते आणि मला अजून बाईच म्हणते. "बाई, शेवटी आलात! ओरिनकाका तुम्हाला इकडे फिरकू देत नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो."

दुकानामागे नेमबाजीची जागा आहे. पिस्तूल हाताला छान बसलं. तुलना करायची म्हणून मी माझं रिव्हॉल्व्हरही नेलं होतं, पण काडतुसं गाडीत राहिली. ट्रूडीने तिच्याकडची दिली — अस्वलासाठीची, कडक शिशाची. मी नेहमीसारखं धरलं आणि चाप ओढला.

नळी कपाळावर येऊन आदळायची बाकी राहिली. कानात शिट्टी. मनगटापासून खांद्यापर्यंत झणझण. मी म्हटलं, तुझ्या काडतुसांत काहीतरी गडबड आहे.

ट्रूडी हसली नाही. म्हणाली, गाडीतली घेऊन या.

तिने ओरिनचं एक काडतूस ठोकून उघडलं, दुकानातलं एक उघडलं, आणि दोन्हींतली दारू कागदावर शेजारी-शेजारी ओतली. मला रसायनशास्त्र येतं. तरी तिने बोलावं म्हणून मी थांबले.

"बाई, ही सरावात रिकामे डबे उडवायची भरणी आहे. बाहेरून जोरदार मॅग्नम, आत काही नाही. ही अस्वलाला लागली तर ते फक्त चिडेल."

ओरिन ही हलकी दारू तिच्याकडूनच नेतो. ती समजत होती, सरावासाठी. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, तुझी चूक नाही. पिस्तूल घेतलं. निघण्याआधी दुकानातलं आणखी एक काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं आणि उडवलं. या वेळी पाय रोवून उभी होते. धरता आलं मला! दुखलं, पण धरता आलं.

घरी येताना गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. गेल्या ऑगस्टमधली ती अस्वलीण आठवत होती. वळणावर, आमच्या ओट्यापासून फाटक आहे तेवढ्या अंतरावर. मागे दोन पिल्लं. ती जबडा वाजवत होती आणि मी तिच्या छातीवर नेम धरून उभी होते. माझा हात हलला नव्हता. किती अभिमान वाटला होता मला त्या हाताचा! ती आपणहून वळली म्हणून मी आज हे लिहितेय. माझ्या हातात काहीच नव्हतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बोलले नाही. बोलले असते तर वाईट बोलले असते.

९ ऑगस्ट, शनिवार

बोलले.

तो शेडमध्ये काडतुसांच्या टेबलाशी होता. मी उघडलेली पुंगळी समोर ठेवली. त्याने ती लगेच ओळखली. नाकारलं नाही, एवढं खरं.

म्हणाला, तुझ्या मनगटासाठी केलं. मनगट मोडल्यावर पहिल्या सरावात तू दचकलीस, डोळे मिटलेस. दचकणाऱ्याचा नेम जमिनीत जातो. मी दारू कमी केली, तू पुन्हा नीट मारू लागलीस, मग वाढवायचं राहून गेलं.

राहून गेलं! मीठ घालायचं राहून जातं.

मी विचारलं, मला सांगायला काय झालं होतं? म्हणाला, तू घरी बसली असतीस. मी म्हटलं, मी घरी बसणारी आहे? तू ओळखतोस कोणाला? मग वळणावरच्या अस्वलिणीचं काढलं. मी पुढे उभी होते ओरिन, डबे उडवायच्या गोळ्या घेऊन!

त्यावर तो खूप हळू म्हणाला, "मी होतो ना मागे. माझं रिव्हॉल्व्हर होतं ना."

मी दार आपटून आले. बिजागरी निघाली. त्याने नंतर बसवली असावी.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर. मार्लिसने भुवया उंचावल्या. मी स्तोत्राच्या पानात पाहत राहिले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

राग तसाच आहे, पण त्याचे तुकडे पडायला लागलेत. सगळ्यात मोठा तुकडा हा: मला पोरीसारखं वागवलं. खोटी बंदूक हातात देऊन आईबाप शेतात नेतात तसं. मी एकटी कितीदा गेले बेरी काढायला! तेव्हा मागे कोण होतं?

आणि दुसरा तुकडा, तोही लिहायला हवा. माझं मनगट दुखू नये म्हणून एक माणूस हिवाळाभर शेडमध्ये बसून माझी काडतुसं वेगळी भरत होता. चुकीचं केलं, घमेंडीने केलं. पण मागे चालताना त्याने माझ्या वाटणीचं ओझं आपल्या कमरेला लावलं होतं. गेल्या दोन रात्री हेच डोक्यात आहे.

आज कॉफी त्याच्यासमोर ठेवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पिस्तूल अडकतंय. मनगट जरा ढिलं पडलं की वापरलेली पुंगळी बाहेरच पडत नाही, मध्येच चावली जाते. आज चारदा. ट्रूडी म्हणते, बाई, महिनाभर सराव करा, जमेल. महिना कुठून आणू? शनिवारी निघायचंय. ओरिनचं म्हणणं बरोबर ठरलं याचा मला फार त्रास होतोय.

मग माझं जुनं रिव्हॉल्व्हरच, पण पूर्ण भरलेल्या काडतुसांनी. दुकानात धरलं तसं धरेन. ओरिनला म्हटलं, तुझंही चव्वेचाळीसचंच, तुझ्या पट्ट्यातली काडतुसं मला दे. म्हणाला, ट्रूडीकडून आण, ताजी असतील. मी म्हटलं, तू भरलेलीच हवीत. हे म्हणताना मला वाटलं होतं की मी त्याला माफ करतेय, आणि ते त्याला कळेल.

तो ओढ्यावर जाळं धुवायला निघून गेला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

त्याच्या पट्ट्यातली काडतुसं काढून माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातली आणि शेडमागच्या वाळूच्या दरडीवर एक उडवलं. धक्काच नाही. मऊ. दुसरं उडवलं. मऊ. सगळी तशीच.

आवाज ऐकून ओरिन आला. हात खिशात. मी म्हटलं, बाहेर काढ. त्याने काढले आणि माझ्यासमोर धरले. ते स्थिर राहत नव्हते. मी विचारलं, मग माझी का कमी केलीस? म्हणाला, "सरावाला शेजारी उभं राहून मारायचो आपण. तुझा आवाज मोठा आला असता तर माझा लहान आहे हे तुला कळलं असतं."

दोघांची केव्हापासून कमी करतोयस, ते विचारलं.

माझं मनगट मोडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यापासून.