घरी वाचायचा धडा

३ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरीण माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. शाळेत दोन वेण्या, बोटाला शाई, तीच. बायोप्सीचा तुकडा तपासून आला होता. योनिमुखाचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. दोन वर्षं मी त्या खाजेला पावडर लावत बसले. ऐकताना शांत होते. पर्स मात्र तिथेच राहिली. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, मला काय नवीन? फक्त तो एक धडा दरवर्षी ‘घरी वाचा’ म्हणून सोडायचे. निघताना ती म्हणाली, "बाई, मी वाचला होता."

५ मार्च
निश्चय: धाकट्या बहिणीला कळू द्यायचं नाही. हळवी आहे. कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये परकर नेसून आंघोळ असे, तेव्हा मला विचारायची, ताई, साबण कुठवर लावायचा? मी सांगायचे, देव बघतोय, पुरे. आज तिला डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हटलं. लगेच पटलं. खोटं बोलणं मला जमतच नाही, म्हणून आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं होतं.

९ मार्च
उद्या ऑपरेशन. गाठ आणि भोवतालची थोडी कातडी काढणार. निळा रंग टोचून जांघेतली पहिली ग्रंथी शोधणार, तीही काढून तपासणार. रोग तिथवर पोचला नसेल तर सुटले. घाबरले नाही. बॅग पाचदा भरली, इतकंच.

१२ मार्च
लघवी हिरवी झाली. रंगामुळे, काळजी नको, असं नर्स म्हणाली. बसवत नाही. धाकटी येणार म्हणून नर्सकडून गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून घेतलं. ती गेल्यावर लक्षात आलं, बांधलं उजव्याला. तिला काही कळलं नाही. भोळी बिचारी.

२० मार्च
ग्रंथी स्वच्छ. कापलेल्या कडाही स्वच्छ. आता फक्त वरचेवर तपासण्या. रडले नाही. चष्मा तेवढा दोनदा धुतला. संध्याकाळी घरी धाकटीने चहा दिला आणि म्हणाली की गुडघ्याचं बँडेज आता सोड, हॉस्पिटलात तुझी फाईल पलंगाच्या पायाशीच लटकत होती. मग कपाकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, मलाही वर्षभर खाज येतेय. पांढरा डाग आहे. तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, देव बघतोय."
चहा निवला. दोघींचाही.

२१ मार्च, सकाळी ९
लाज पुरे झाली. तिची अपॉइंटमेंट मीच घेणार, शब्द स्पष्ट उच्चारून. आरशासमोर सहादा म्हटला. उत्तम जमतो.

सकाळी ११
फोन लावला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, त्रास कसला? धाकटी माझा हात घट्ट धरून बसली होती.
मी म्हणाले, "गुडघ्याचा."

सकाळी ११:०५
धाकटीने फोन काढून घेतला आणि तो शब्द अख्खा म्हणाली. आवाजही खाली केला नाही. उद्या दहाला बोलावलंय. मी सोबत जाणार.
माझ्या ‘गुडघ्या’पायी त्या मुलीने उद्या साडेअकराची हाडांच्या डॉक्टरांची वेळही देऊन ठेवली आहे. रद्द करायची तर कारण विचारतील. राहू दे. गुडघा तसा दुखतोच थोडा.