चुडामणच्या घरांतले दिवे

लोणखेडा, १२ जून २०२५

ति. नूतनताईस,
हेमकांतचा सा. न. वि. वि.

तुझ्या आश्रमशाळेत फोन लागत नाही, म्हणून तळोद्याच्या जीपवाल्याकडे पत्र देतोय. चुडामण अपघातात गेला, आता त्या खेळाचं काय, असं तू विचारलंस. ताई, त्या खेळात कॉम्प्युटरवर शहर वसवायचं असतं. आपण घडवलेल्या इमारतीही त्यात घालता येतात, त्यांना मॉड म्हणतात. चुडामणने आपली अख्खी गल्ली घडवली, स्वतःचं घर ओट्यासकट. कंपनी म्हणते, पुढच्या आवृत्तीत रात्र येणार आणि घराघरांत दिवे लागणार. त्यासाठी प्रत्येक खिडकीची काच आधीच वेगळी करून मागे दिवा बसवून ठेवावा लागतो. घरं त्याने करायची, दिवे मी, असं ठरलं होतं. अपघाताआधी त्याची घरं पुरी झाली होती.

मूळ फाइली त्याच्या कॉम्प्युटरवर आहेत, म्हणून रोज त्याच्या आईकडे, अनुसयाकाकूंकडे जाऊन बसतो. त्या मागे खाटेवर बसून बघतात. दिवे लागले की मला बोलाव, म्हणाल्या.

आई बरी आहे. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा हेमकांत

२४ जून

चि. हेमकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जीपमध्ये मिरचीच्या पोत्यावर बसून आलं. शिंकत शिंकत वाचलं. आईचा निरोप होता की तू जेवायलाही घरी येत नाहीस. वांग्याच्या भरताच्या वासाने धावत येणारा माझा भाऊ कुठे गेला?

एक विचारते, रागावू नकोस. काकूंना तू आशा लावली आहेस. काही बिनसलं तर त्यांना आधी सांग. आणि चार दिवस माझ्याकडे ये.

ताईची आठवण ठेव.

नूतन

लोणखेडा, १९ जुलै

ति. ताईस सा. न.

चुडामणचा कॉम्प्युटर बंद पडला. शहाद्याला दाखवला, सुरतेलाही नेला. आतलं काहीच निघणार नाही म्हणाले. नक्कल ठेवायला हवी होती, हे आता सगळेच सांगतात. माझ्या मशीनवर खेळात घरं दिसतात, पण मूळ फाइलींशिवाय त्यांना आतून हात लावता येत नाही. दिवे बसवायचे राहिले ते राहिलेच.

नवी बांध, म्हणशील. पण ती माझी होतील. ओट्याची फुटकी कड त्याने का तशीच ठेवली, मला कुठे ठाऊक आहे?

काकूंना सांगायला दोनदा गेलो. चहा पिऊन परत आलो.

हेमकांत

लोणखेडा, ८ सप्टेंबर

ति. ताईस,

खेळात रात्र आली. जगभरच्या लोकांची शहरं झगमगतायत. कुठून तरी कळलं आणि काकू आपणहून आपल्याकडे आल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. आईने त्यांना खुर्ची दिली. मी गल्ली दाखवली. रस्त्यावर दिवे होते, पलीकडे दुसऱ्या कुणाच्या इमारती उजळल्या होत्या. आपली गल्ली काळी. काकूंनी ओट्यावरून घर ओळखलं. मग मला हळूच विचारलं, घरमा कोनीच नही शे का रे?

कोणीच नाही, मी म्हणालो.

पदर सावरून त्या निघून गेल्या. आई त्यांच्यामागे गेली. मी मशीन बंद केलं. ते पुन्हा लावावंसं वाटत नाही, कशालाच हात लावावासा वाटत नाही.

तू लिहीत राहा. माझं उत्तर नाही आलं तरी लिही.

तुझा
हेमकांत