भूमिकाच्या वाढदिवसाची टॉवेल-टोपी

बेसा, नागपूर
रविवार

तीर्थरूप काकाजी आणि सुभद्राकाकू, दोघांच्याही पायांवर अश्विनचं डोकं.

काकाजी, गुडघा कसा आहे? काकू तेल लावून देतात की तुम्ही पळ काढता? आम्ही तिघं मजेत आहो, आणि मी तर आज इतका खुशीत आहो की पेन हातात ठरून नाही राहिला. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही काहीही ऐकून 'हो हो' म्हणता आणि ठेवून देता. मागच्या महिन्यात मी म्हटलं, आता हातमाग विकून टाका, भूमिकाच्या शाळेची फी भरू, तर त्यालेही 'हो हो'च. चाळीस वर्षं त्या मागावर बसलेल्या माणसानं एकदा 'काहून' तरी विचारावं. माग विकत घ्यायले मी ठरवून दिलेला लाकूडवाला मंगळवारी तुमच्याकडे येणार आहे. त्याच्या आधी पोचावं म्हणून हे पत्र उमरेडच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो.

तर भूमिकाचा सहावा वाढदिवस झाला. या शहरात पोट्टं वाढवणं एकवेळ जमते, त्याचा वाढदिवस करणं जमत नाही. आमच्या सोसायटीत केक आणि चिवडा देऊन भागत नाही. फुग्यांची कमान पाहिजे, जादूगार पाहिजे, आणि आलेल्या प्रत्येक पोट्ट्याले जाताना रिटर्न गिफ्ट पाहिजे. (म्हणजे त्यानं आणलं त्याहून भारी आपण त्याले द्यायचं. मग त्यानं आणलंच काहून, असं मी श्वेताले विचारलं, तर ती दोन तास बोलली नाही.) घराचा हप्ता, शाळेची बस आणि उन्हाळ्यातला टँकर यातून माझ्याजवळ उरते ते जादूगारालेही काढून दाखवता आलं नसतं. पण भूमिका नऊ वाढदिवसांना जाऊन नऊ गिफ्टं घेऊन आलेली, तेव्हा सुटका नव्हती.

ऐनवेळी मले दिवाणातले तुमचे टॉवेल आठवले, दुकानदारानं परत केलेले, लाल काठाचे. आपल्याकडे लग्नात पाहुण्याचा मान कशानं करतात? टॉवेल-टोपीनं. मग हे पोट्टे पाहुणे नाहीत काय? मी इतवारीतून टोप्या आणल्या (लहान माप मिळालं नाही). श्वेता म्हणाली, असं केलं तर मी चालली हुडकेश्वरले माहेरी. ऑटोनं वीस मिनिटं लागतात, म्हणून मी फार घाबरलो नाही.

केक कापल्यावर वीस पोट्टे पुढच्या खोलीत ओळीनं बसवले. एकेकाचं पूर्ण नाव पुकारलं, कपाळाले टिळा, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि मी वाकून हात जोडले. त्यांच्या आयांचे चेहरे पाहून वाटलं, आता घर बदलावं लागते. तेवढ्यात शेजारचा आयुष उभा झाला, टोपी पार नाकावर आलेली, आणि त्यानंही मले वाकून नमस्कार केला. मग काय विचारता. एकही पोट्टा टोपी काढायले तयार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये सगळे खांद्यावर टॉवेल टाकून सरपंचासारखे चढले.

काल आयुषची आई (लिफ्टमध्ये माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती) दारात येऊन विचारते, भाऊ, हे टॉवेल कुठे मिळतात? मी छाती काढून म्हटलं, मिळत नाहीत, माझे काकाजी विणतात. 'विणायचे' म्हणायले जीभ वळलीच नाही. माग विका म्हटल्याची मले तेव्हा एवढी लाज वाटली की तिले चहा विचारायचाही राहिला.

भूमिका तुमची आठवण काढून राहिली. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमचा,
अश्विन

ता. क. आयुषचा वाढदिवस बावीस तारखेले आहे. मी तीस टॉवेलांचं कबूल करून बसलो. माग विकू नका. फी शाळा हप्त्यानं घेते म्हणे (हे मी आधी विचारलंच नव्हतं).

ता. क. आणखी एक. एवढं लिहून झाल्यावर, तुमाले न विचारता, मी आत्ताच लाकूडवाल्याले फोन केला, तुमच्या आवाजात, थोडं खोकून, की येऊ नको. तो वैतागला. म्हणाला, वामनराव, किती वेळा सांगता गा? मागच्या महिन्यातच तर नाही म्हणाले. काकाजी, मग मले 'हो हो' काहून म्हणाले? जाऊ द्या. बावीस तारखेपर्यंत तीस होतीन ना?