नानासो गोरड यांची उंच केलेली जीप व इतर मिळकत

मी, नानासो बिरदेव गोरड, वय एकाहत्तर, राहणार गोरडवस्ती, तालुका माण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी मिरजेत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी धोंडुबाई शेजारी बसून शेंगा निवडत आहे, पण तो दबाव धरत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर आणि चार एकर जिरायत धोंडुबाईच्या हयातीपर्यंत तिची, तिच्यामागे आमची एकुलती मुलगी माया हिची. माया इस्लामपूरला शिक्षिका आहे. बांधावरची बाभूळ कोणी तोडू नये असे लिहिणार होतो. धोंडुबाई म्हणाली, "मेल्यावर तरी बांधावर उभं ऱ्हाऊ नगा." म्हणून लिहीत नाही.

कलम २. पोस्टातली ठेव धोंडुबाईची. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे. हे मला एकट्यालाच माहीत आहे असे मी काल सकाळपर्यंत समजत होतो.

कलम ३. पाने, हातोड्या व इतर हत्यारे मायाची. जॅक मात्र शेजारी नाथाजी याला द्यावा. तो चार वर्षे त्याच्याच घरी आहे. एकदा देऊन टाकला म्हणजे मागायचा विषय संपला, आणि त्यालाही मला बघून गल्ली बदलावी लागणार नाही. ती तशीही लागणार नाही म्हणा.

कलम ४. जीप. हे कलम लांब आहे, कारण सगळे मृत्युपत्र याच्यासाठी चालले आहे.

मी मुंबईत अठ्ठावीस वर्षे कंपनीची बस चालवली, पण बोनेट कधी उघडले नाही. त्याला तिथे वेगळी माणसे होती. गावी येऊन जुनी जीप घेतली. धाकटा भाऊ धनाजी याची मेंढरे पावसाळ्यात वरच्या माळावर बसतात. त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर पाणी आणि पीठ पोचवायचे, तर ओढ्यातले दगड जीपच्या पोटाला घासत. म्हणून २०१९ च्या श्रावणात जीप उंच करायचे ठरवले. इस्लामपूरचा पप्पू मिस्त्री म्हणाला, "पंधरा दिस थांबा, मी करतो." मी थांबलो नाही. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि मला सगळे येते असे वाटले.

युक्ती सोपी दिसत होती. चाकाचा दांडा आणि वरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब बोल्टने आवळायचे. गाडी ठोकळ्याएवढी उंच होते. आधी डावी बाजू करून बघू, जमले तर उजवी, असे ठरले. दहिवडीच्या लेथवाल्याने विचारले, किती इंच? मी मूठ दाखवली. आमच्या वडिलांनी कोकराची उंची जन्मभर मुठीने मोजली, आम्हाला इंच सुचलाच नाही. आठ दिवसांनी उजव्या बाजूचे ठोकळे करायला धनाजी गेला. त्याने त्याची मूठ दाखवली.

गंजलेले बोल्ट सोडायला दोन दिवस लागले. गाडीखाली लोखंडी घोड्या लावतात हे माहीत नव्हते, आम्ही बांधाचे दगड रचले होते. तसे पुन्हा कोणी करू नये. देवाने दोघांना वाचवले, अक्कल तर नव्हतीच.

जीप खाली उतरवली तेव्हा ती डावीकडे कललेली. वस्ती जमली होती. नाथाजी म्हणाला, "ही तर लंगड्या बोकडावानी दिसतीया." सगळे हसले, आणि मी धनाजीवर उलटलो. "मेंढरामागं फिरणाऱ्याच्या हातात पाना दिला, हीच माझी चूक. मूठसुदिक धड न्हाई ह्याची." धनाजीने हात पुसले, पाना बोनेटवर ठेवला आणि गेला. सहा वर्षे तो या घराची पायरी चढलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी ब्रेक लागेनात म्हणून जीप पप्पूकडे नेली. उंचीमुळे ब्रेकचा रबरी पाइप ताणला होता. पुढच्या पाट्यांना ठोकळे लावतच नाहीत, हेही त्याने शिकवले. त्याने चारही ठोकळे काढून टेबलावर ओळीने ठेवले. चारही सारखे, केसाचाही फरक नव्हता. डाव्या बाजूचा एक पाटा आतून आधीच मोडलेला होता. क्लिपांनी कसाबसा धरलेला, तो आम्ही बोल्ट सोडल्यावर बसला, म्हणून जीप कलली. जुने पाटे तपासायचे काम माझे होते.

पप्पूने नवे पाटे घालून जीप सरळ केली. मी धनाजीला सांगायला गेलो नाही. वाट खराब आहे असे घरात सांगत राहिलो. त्याच वाटेसाठी जीप उंच केली होती. मला याची लाज वाटते, आणि सोमवारच्या आत हे त्याच्या कानावर जावे एवढीच माझी इच्छा आहे.

सबब सदर जीप मी धनाजी बिरदेव गोरड यास देत आहे.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मायाने करावी. आईशी वाद घालू नये. मी घालून पाहिला आहे.

इथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे दुपारी लिहीत आहे.

कलम ६. धनाजीची मेंढरे सध्या वाळव्याकडे उसाच्या रानात बसली आहेत. माया काल तिथे गेली आणि आज त्याला घेऊन आली. वकीलबाईंनी वरचे सगळे मोठ्याने वाचले. ठोकळ्यांपाशी त्याने त्यांना थांबवले.

"चारीबी सारखं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन् दोन वर्सं ठावं हुतं तुला. मग आला का न्हाईस, दादा?"

"तोंड न्हवतं."

धोंडुबाईने त्याच्यापुढे चहा ठेवला, तो त्याने घेतला. मग वकीलबाईंनी विचारले, एक साक्षीदार मी, दुसरा कोण? मी नाथाजीला हाक मारायला सांगितले.

"नाथाजी कशाला? मी बसतो," धनाजी म्हणाला.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला जीप मिळते आहे आणि नाथाजींना जॅक. ज्याला मिळतं त्यानं साक्षीला बसू नये, उद्या शंका निघते."

"मग जीप खोडा. दादा शुद्धीत हाय का न्हाई, ते नाथाजीला काय कळतंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आन् मला जीप दिऊन तू कुठं चाललास? मिरजंवनं ये आन् पावसाळ्यात माळावर पीठ घिऊन ये. मला गाडी येत न्हाई."

त्यावरून कलम ४ चे शेवटचे वाक्य एका रेघेने खोडले आहे. जीप मायाची. ती माझ्याहून बरी चालवते, मागे घेणे सोडून.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

नानासो बिरदेव गोरड (सही)

साक्षीदार:
१. धनाजी बिरदेव गोरड, सख्खा भाऊ (सही)
२. संयोगिता माने, वकील, दहिवडी (सही)

स्थळ: गोरडवस्ती, ता. माण
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

टीप: साक्षीदार क्र. १ यांना या मृत्युपत्रान्वये मालमत्तेपैकी काहीही मिळत नाही. मूळ मसुद्यात नुसते 'काहीही मिळत नाही' असे होते. ते खोटे आहे, त्याखाली सही करणार नाही, असे साक्षीदार क्र. १ यांनी सांगितल्यावरून 'मालमत्तेपैकी' हा शब्द वाढवला आहे.